लाल टेपखालची पानं

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर, एसीच्या डब्यावर, कावळ्याच्या एका जोडप्यानं घर बांधायला काढलंय. पुनावळ्यात आता झाडांपेक्षा इमारती जास्त, तेव्हा त्यांनी तरी काय करावं! काड्या थोड्या आणि तारा फार, असा सगळा मामला आहे. बांधकामावरची बाइंडिंग वायर, कुणाच्या तरी केबलचा तुकडा, आणि मधोमध एक अख्खा हँगर. सोसायटीच्या ग्रुपवर लगेच चर्चा सुरू झाली. कुणी म्हणालं कावळे टोचा मारतात, कुणी म्हणालं अपशकुन होतो, कुणी घरटं काढणाऱ्या माणसाचा नंबरही टाकला. मी एवढंच लिहिलं की खिडकी माझी आहे आणि पिल्लं उडेपर्यंत तिथं कुणी हात लावायचा नाही. नवरा म्हणाला, पाणी आलं नाही तेव्हासुद्धा तू ग्रुपवर एवढी ठणकावून बोलली नव्हतीस. खरंय त्याचं. पण उन्हाळा तापायला लागला की कावळीच्या घराविषयी मी जरा हळवी होते, आणि त्याला कारण आहे.

माझा मुलगा ओम पाच वर्षांचा आहे. गोष्टीशिवाय त्याच्या घशाखाली घास उतरत नाही. खिडकीतल्या कावळ्यांमुळे सध्या चिमणी-कावळ्याचीच गोष्ट चालू आहे. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं मेणाचं. पाऊस आला, शेणाचं घर वाहून गेलं, कावळा भिजत चिमणीच्या दारात उभा राहिला. आणि चिमणी आतून सांगतेय, थांब, बाळाला न्हाऊ घालते. थांब, अंग पुसते. थांब, तीट लावते. आपण सगळे ही गोष्ट ऐकत वरणभात खाल्लेली माणसं. दाराबाहेर इतका वेळ कोण उभं आहे, याचा विचार करायची वेळ येण्याआधीच आपलं ताट संपायचं. परवा ओमनं घास तोंडात धरूनच विचारलं, "मग पुढच्या वेळी चिमणी आली तर कावळ्यानं दार उघडलं?"

मी म्हटलं, उघडलं. तो म्हणाला, तुला कसं माहीत. मी म्हटलं, मी वाचलंय.

खरंच वाचलंय. कुरुळीच्या पत्र्याच्या खोलीत, एका मार्च महिन्यात, तिघींत मिळून एक पुस्तक.

तेव्हा मी परभणीकडून नवीनच आले होते. चाकणच्या एका कंपनीत गाड्यांच्या वायरींचे जुडगे बनवायचं काम होतं, त्याला हार्नेस म्हणतात. लांब फळ्यांवर रंगीत वायरी अंथरायच्या, टेपनं गुंडाळायच्या, पुढं सरकवायच्या. जवळच कुरुळीत, घरमालकीण हौसाकाकूंच्या आवारात ओळीनं बांधलेल्या खोल्या होत्या, त्यातली शेवटची आमची. मी, बीडची वैशाली आणि लांज्याची सुनंदा. तिघींच्या शिफ्टा वेगळ्या. एक फर्स्टला, एक सेकंडला, एक नाईटला, आणि गुरुवारच्या सुट्टीनंतर सगळं फिरायचं. त्यामुळे तिघींत गाद्या दोन पुरायच्या, आरसा एक पुरायचा, आणि एकमेकींचा कंटाळा यायला वेळच मिळायचा नाही. बाकी जगाचा रविवार आमच्याकडं गुरुवारी यायचा. त्या दिवशी तिघी एकदम खोलीत असलो की खोली लहान आहे हे कळायचं.

कुरुळीतल्या सगळ्या खोल्यांत एक नियम होता. कुणी लिहून ठेवला नव्हता, पण मोडायची कुणाची छाती नव्हती. नाईटवाल्याला उठवायचं नाही. नाईट करून आलेली मुलगी आतून कडी लावून झोपली की आपलं काही आत राहिलं असलं तरी ते तिथंच राहू द्यायचं. भांडी आपटायची नाहीत, फोन बाहेर जाऊन घ्यायचा. दार वाजवलंच तर बोटांच्या टोकांनी, दोनदा. तिसऱ्यांदा वाजवणारी मुलगी उर्मट समजली जायची.

पुस्तक मी आणलं होतं. फडताळात अंथरायला रद्दीच्या दुकानातून पेपर घेतले, त्या गठ्ठ्यात ते निघालं. कव्हर नव्हतं, पुढची काही पानंही नव्हती, त्यामुळे ते कुणी लिहिलं ते आजही मला ठाऊक नाही. मोठ्या झालेल्या मुलांसाठी कुणीतरी ती चिमणी-कावळ्याचीच गोष्ट पुन्हा रचली होती, पण काय रचली होती! पक्षी नव्हतेच त्यात, पंख असलेल्या मुली होत्या, आमच्याहून थोड्या लहान. मेणनगरीची मेणवती आणि उकिरड्यापलीकडं राहणारी काजळी. मेणनगरीतल्या दारांना कडी नसायची. आतल्या माणसाच्या मनात आलं तरच दार वितळून वाट द्यायचं. काजळीनं पावसात त्या दारापुढं रात्र काढली आणि दार काही वितळलं नाही, इथपर्यंत आपली जुनीच गोष्ट. पुस्तक सुरू व्हायचं त्याच्यानंतर. एका वर्षी आकाशात दोन सूर्य उगवतात. मेणनगरीला घाम फुटतो. भिंती वाकतात, मनोरे मान टाकतात, आणि मेणवती बाळाला पोटाशी धरून उकिरडा ओलांडून निघते. पलीकडं काजळीनं काटे, चिखल आणि राख कालवून नवं घर बांधलेलं. त्या घराला मात्र खरीखुरी लोखंडी कडी असते.

पत्र्याखाली बसून हे वाचायचं म्हणजे दुसरा सूर्य आमच्याच डोक्यावर उगवला होता. दुपारी फरशीवर पाणी शिंपडायचं आणि ते वाळायच्या आत दोन पानं वाचून घ्यायची. तिघींच्या शिफ्टा वेगळ्या म्हणून पुस्तक एकीकडून दुसरीकडं जायचं, अगदी कंपनीत मशीनचा ताबा देतात तसं. खुणेला प्रत्येकीची आपापली टेप. माझी निळी, वैशालीची हिरवी, सुनंदाची पिवळी. पुढचं सांगायचं नाही अशी शपथ होती. वैशालीला ती पाळता यायची नाही. "लै वाईट व्हायलंय पुढं," एवढं तरी ती बोलून जायचीच, आणि मग सुनंदा कानात बोटं घालायची.

सुनंदानं खरं तर ते पुस्तक हातातच धरायला नको होतं. ती त्या वर्षी बाहेरून बारावीला बसली होती, सतरा नंबरचा फॉर्म भरून. वडील गेल्यावर तिचं कॉलेज सुटलं होतं. बारावी झाली तर लाइनवरून उठून ऑफिसच्या कामाला अर्ज करता येणार होता, आणि मुख्य म्हणजे लांज्याला सगळ्यांना तसं सांगून आली होती. सेंटर चाकणलाच आलं. पेपर सकाळी अकराला. तिची सेकंड शिफ्ट होती, म्हणजे सकाळ मोकळी. सगळं कसं जुळून आलं होतं.

त्या शनिवारी वैशाली नाईट करून आली आणि कडी लावून झोपली. सुनंदा पहाटेच उठून हौसाकाकूंच्या आंब्याखाली अभ्यासाला बसली होती, कारण वैशालीला अंधार हवा आणि सुनंदाला उजेड. मी फर्स्टला गेलेली. साडेनऊला सुनंदा आवरायला आली तर दार बंद. हॉल तिकीट आत, पेन आत, कपडे आत. तिनं नियमाप्रमाणे बोटांच्या टोकांनी वाजवलं. दोनदा. थांबली. पुन्हा दोनदा. आत टेबल फॅन खडखडत होता. वैशाली नंतर म्हणाली की तिला ऐकू आलं होतं. झोपेतच तिनं 'उघडते, थांब' असं म्हटलंही होतं, आणि आपण उठून उघडलंय असं स्वप्न पडून ती पुन्हा गाढ झाली. नाईट केलेल्या कुणालाही हे खोटं वाटणार नाही. पावणेअकराला हौसाकाकूंनी मुसळ आणून दार ठोकलं तेव्हा कुठं कडी निघाली. काकूंच्या मुलानं गाडीवरून सेंटरला नेलं, पण गेट लागलं होतं. अर्थशास्त्राचा पेपर बुडाला.

मी साडेतीनला घरी आले तेव्हा सुनंदा कामाला गेलेली आणि वैशाली ओट्याजवळ बसलेली. रडून तिचं तोंड सुजलं होतं. त्या दिवसापासून दोघी बोलेनात. एवढ्याशा खोलीत न बोलणं म्हणजे मोठं कसबाचं काम असतं. एकीनं तांदळाचा डबा घ्यायला वाकायचं तर दुसरीनं श्वास आवरून सरकायचं. वैशालीनं माफी मागून पाहिली. सुनंदा म्हणाली, तुझी चूक नाही, आणि तोंड फिरवून बसली. चूक नाही म्हटल्यावर माफी तरी कशाची मागायची? एक पेपर गेला तर तो जुलैत पुन्हा देता येतो, बाकीचे देऊन टाक, असं मी तिला परोपरीनं सांगितलं. पण तिनं पुस्तकं बांधून पत्र्याच्या पेटीत टाकली होती. उरलेल्या पेपरांना जाणार नाही म्हणाली. "माझ्या नशिबात नाय ता," हे तिचं एकच.

अभ्यास सोडला, पण गोष्टीचं पुस्तक मात्र तिनं वाचलं, आणि आमच्या पुढं गेली. मंगळवारी ते माझ्याकडं आलं तेव्हा मधल्या काही पानांच्या गठ्ठ्याला लाल टेप गुंडाळलेली होती, जुडग्याला गुंडाळतात तशी, घट्ट.

आता इथं आमची कथा बाहेरच्या माणसाला वेड्यासारखी वाटेल. दुसऱ्या कुणीही ती टेप सोलून आत काय आहे ते बघितलं असतं. आम्ही बघितलं नाही. आमच्या लाइनवर लाल टेप म्हणजे इथं दोष आहे, हात लावायचा नाही, पुढं जायचं. दिवसभर हेच करणाऱ्या बोटांना घरी आल्यावर वेगळं कसं सुचणार? फाटलं असेल, नाहीतर छपाई उडाली असेल, असं मी गृहीत धरलं आणि पुढच्या पानावर गेले. वैशालीनंही तेच केलं. टेपच्या अलीकडं मेणवती काजळीच्या दारात उभी होती आणि दार वाजवत होती. टेपच्या पलीकडं ती आत, चुलीपाशी बसलेली होती.

वैशालीनं यातून आपला अर्थ काढला. गुरुवारी सकाळी ती मला म्हणाली की काजळीनं दार उघडलंच नसणार, ती चिमणीच मागनं कुठूनतरी घुसली असेल. "आणि नाहीच उघडलं ते बरं केलं. काहून उघडावं तिनं? तिला कुणी उघडलं होतं?" हे ती स्वतःवरच चिडून बोलत होती, हे मला कळत होतं. स्वतःला चिमणीच्या जागी धरून ती शिक्षा सुनावत होती. पण दाराशी चपला काढत असलेल्या सुनंदाला ते वेगळंच ऐकू गेलं. तिला वाटलं, दार न उघडण्याचं ही समर्थन करतेय. पाणी न पिताच ती परत बाहेर गेली.

माझा स्वभाव भांडणात पडायचा नाही. पण त्या महिन्यात मी रिवर्कच्या टेबलावर होते. लाल टेप लागलेला माल शेवटी त्या टेबलावर येतो, आणि टेप कापून आत काय बिघडलंय ते बघायचं काम तिथल्या माणसाचं असतं. त्याच दुपारी तिघी घरात होतो. हौसाकाकूंनी झाडाखाली पडलेल्या कोवळ्या कैऱ्या दिल्या होत्या. मी त्या मीठ-तिखट लावून मधे ठेवल्या आणि पुस्तक मांडीवर घेतलं. सुनंदाला विचारलं की दोष काय आहे. लावणाऱ्याला विचारल्याशिवाय कापायचं नाही, हीसुद्धा टेबलाची रीत.

सुनंदानं कैरीची एक फोड उचलली. मग म्हणाली, "दोष नाय त्यात. मलाच वाचवत नाय."

मी ब्लेडनं टेप कापली आणि मोठ्यानं वाचायला लागले. वैशाली भिंतीकडं तोंड करून पडली होती, पण तिची पाठ ऐकत होती.

त्या पानांत काजळी दाराच्या आतल्या बाजूला उभी आहे. हात कडीवर आहे. बाहेरून मेणवतीचा आवाज येतोय, उन्हात पोळलेला. काजळीला पावसातली ती रात्र आठवते, एकेक थांब आठवतो. आता थांब म्हणायची पाळी तिची आहे, आणि मनात तिनं ते म्हणून पाहिलंही आहे, गोड लागलंय. मग आत पाळण्यात तिचं स्वतःचं पिल्लू रडतं. नुकतंच न्हाऊन निघालेलं, ओलं. तिला ते पुसायचंय, काजळ घालायचंय, तीट लावायचीय. सगळं खरंच करायचंय आणि हात दोनच आहेत. तेव्हा तिला पहिल्यांदा वाटतं की त्या रात्री चिमणीच्या घरातही बाळ खरंच असेल. ते कारण खरं होतं, आणि तरी बाहेर माणूस भिजत होतं. दोन्ही खरं. काजळी कडी काढते. क्षमा वगैरे काही बोलत नाही. मेणवतीच्या हातात टॉवेल देते आणि म्हणते, "बाळाचं अंग पुसायचं राहिलंय. तू पूस, मी तीट लावते."

त्यावर मेणवती काय म्हणाली ते मात्र आम्हाला कळलं नाही. टेप सोलताना त्या पानावरच्या शेवटच्या दोन ओळी टेपबरोबर निघून आल्या. अक्षरं टेपला चिकटली, तीही उलटी आणि अर्धीमुर्धी. आम्ही आरशापुढं धरूनही पाहिलं. काही लागलं नाही.

वैशाली भिंतीकडूनच म्हणाली की ती उघडणार होती, आईची शपथ. सुनंदा म्हणाली, माहीत आहे. तिच्याकडं बघितलं मात्र नाही. मला वाटलं, झालं, रिवर्क फसलं.

कैऱ्या संपत आल्या तेव्हा सुनंदा बोलली. तिची शिफ्ट शुक्रवारपासून नाईटला फिरणार होती. शनिवारी सकाळी ती कामावरून येणार, आणि अकराला पुढचा पेपर.

"वैशे," ती म्हणाली, "शनिवारी मी आल्यावर दोन तास झोपेन. मला उठव."

वैशाली उठून बसली. तसं पाहिलं तर मी हे सांगू शकले असते की मी आहे ना, त्या आठवड्यात सकाळी मीच घरी असणार होते. सेकंड माझ्या वाट्याला आली होती आणि फर्स्ट वैशालीच्या. पण सुनंदाला हे माझ्याइतकंच ठाऊक होतं. ज्या मुलीच्या झोपेनं पेपर घालवला, तिच्याच हातात ती आपली झोप देत होती. मी कैऱ्यांची ताटली उचलून बाहेर गेले. संध्याकाळी वैशालीनं, जी कधी कुणाकडं मीठसुद्धा मागायची नाही, माझ्याकडं शिफ्ट बदलून मागितली.

त्यामुळे शनिवारचं मी डोळ्यांनी पाहिलं नाही, हौसाकाकूंकडून ऐकलं. काकू पदराआड हसत सांगत होत्या. "आगं, ती पोरगी सकाळपासनं उंबऱ्यावर बसली व्हती. मांडीवर घड्याळ घिऊन. मी म्हनलं, च्या घे, तर न्हाई म्हनली. डोळा लागंल म्हून भीत व्हती." दार सताड उघडं, आत सुनंदा झोपलेली, आणि ही राखण करत बसलेली. कुरुळीच्या इतिहासात नाईटवालीला त्या दिवशी पहिल्यांदा हाक मारून, खांदा हलवून, तोंडावर पाणी मारून उठवण्यात आलं. वैशाली सेंटरपर्यंत गेली आणि पेपर सुटेपर्यंत गेटबाहेर रसवंतीच्या सावलीला बसली. उरलेल्या प्रत्येक पेपरला तिनं हेच केलं. सुनंदा पास झाली. अर्थशास्त्र जुलैत निघालं.

ते पुस्तक पुढं माझ्याकडंच राहिलं, कारण रद्दी मी आणली होती. लग्न झालं, कुरुळी सुटली, पुनावळ्यात घर झालं, तरी ते आहे. मधल्या पानांवर टेपचा पिवळट डाग पडलाय. मेणवतीच्या उत्तराविषयी आमची अजून वादावादी होते. वैशाली म्हणते, ती रडली असणार. मी म्हणते, टॉवेल कुठला घेऊ असं विचारलं असेल. बाळ ओलं असताना बायका दुसरं काय बोलतात? सुनंदा काही सांगत नाही. मी ओमला गोष्ट पूर्ण सांगितली तेव्हा त्यानं चिमणीच्या वतीनं 'बरं' म्हटलं आणि पुढचा घास घेतला. मला ते उत्तर फार आवडलं.

वैशाली अजून कुरुळीतच आहे, आता लाइन लीडर झालीय, आणि नवीन मुलींना लाल टेपचे नियम शिकवते. सुनंदा तळेगावला असते, एका ऑफिसात काम करते, आणि दोन मुलांचं करून बाहेरून बी.ए. करतेय. सध्या तिच्या शेवटच्या वर्षाचे पेपर चालू आहेत. काल फोनवर मी तिला सहज विचारलं की एवढी वर्षं झाली, अजून वैशाली उठवते का? म्हणाली, प्रत्येक पेपरला. तिची नाईट असेल तर चहाच्या सुट्टीत कँटीनमधून फोन करते, मागं सगळा भांड्यांचा आवाज. मी म्हटलं, अगं, आता मोबाइलला गजर असतो की. आणि तुझी झोप तर किती सावध, तू आपली आपणच उठत असशील.

"जाग येते गो," सुनंदा म्हणाली. "केव्हाचीच आलेली असते. पण तिचा फोन येईपर्यंत मी उठत नाय."